मानेत गाठ अन्‌ अंगात ताप : घाईने टीबी म्हणू नका, कॅन्सरही म्हणू नका

खेड्यात तापाला कुणी भीत नाही. पावसाळा लागला की घरटी एक माणूस तापाने पडतोच. पहिले दोन दिवस आपण ताप अंगावर काढतो. तिसऱ्या दिवशी दुकानातून गोळी आणतो. चौथ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेतो, अगदीच त्राण नसेल तर सलाईन लावून घेतो. आठवड्याच्या आत बहुतेक ताप उतरतात आणि माणूस पुन्हा रानात जातो. पण ज्या घरातला ताप उतरतच नाही, त्या घराचे काय होते, ते आज पाहू.

असे समजा की, तुमच्याच वस्तीवरची एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आहे. कॉलेजला जाते, सुट्टीच्या दिवशी आईबरोबर खुरपायला जाते. गेले तीन आठवडे तिला दुपार कलली की ताप भरतो. रात्री घाम येतो, अन्नावर वासना नाही, सांधे दुखतात. मलेरियासाठी रक्त तपासले, काही निघाले नाही. डेंग्यू नाही. मग विडाल तपासणी झाली, "थोडा टायफाईड दिसतोय" म्हणून आठ दिवस गोळ्या झाल्या. ताप आहे तिथेच. अशात एक दिवस वेणी घालताना आईच्या हाताला मानेच्या बाजूला, कानाच्या मागे खाली, बोराएवढी गाठ लागते. दाबली की पोरगी "आई गं" म्हणते. तिच्याखाली आणखी एक बारकी गाठ.

तिथून पुढे घरात कुजबूज सुरू होते. आत्या म्हणते, "गंडमाळ असंल, माझ्या चुलतसासूला झाली व्हती." कुणी चुना-गुळाचा लेप लावायला सांगतो, कुणी वैदूकडून डाग द्यायला. तालुक्याला जाऊन आलेला चुलता हळूच म्हणतो, "मानेची गाठ म्हंजी कॅन्सर बी असतोय." आणि आजी सगळ्यांना दम भरते, "भाईर कुणाला बोलू नगा. पोरीचं औंदा जमवायचं हाय."

या शेवटच्या वाक्यापायी मुलगी डॉक्टरपर्यंत पोचायला आणखी महिना जातो. गाठ म्हटले की आपल्याकडे दोनच नावे तोंडात येतात, टीबी नाहीतर कॅन्सर. दोन्ही नावांनी घर हादरते. पण मंडळी, तिसरेही एक नाव आहे. ते फारसे कुणाला ठाऊक नाही, कारण तो आजारच दुर्मिळ आहे. त्याला म्हणतात किकुची आजार. आजची ही हकिगत त्या आजाराची आणि तो ओळखण्याच्या वाटेची.

गाठ म्हणजे नेमके काय?

पायाला काटा मोडला आणि जखम पिकली की जांघेत अवधाण येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. अशा शेकडो ग्रंथी आपल्या शरीरात असतात. मानेत, काखेत, जांघेत, छातीत आणि पोटातसुद्धा. गावच्या वेशीवर चौकी असावी तसे त्यांचे काम. शरीरात शिरलेला जंतू तिथे अडवला जातो, रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि ग्रंथी फुगते. घसा बसला, दाढ किडली, डोक्यात फोड झाला, उवा झाल्या तरी मानेतल्या गाठी सुजतात. मूळ दुखणे बरे झाले की दोन-तीन आठवड्यांत त्या बहुधा ओसरतात. म्हणून प्रत्येक गाठीला घाबरायचे कारण नाही. पण गाठ महिनाभर तशीच राहिली, वाढत गेली किंवा सोबत ताप उतरेना, तर मात्र तिचा जाब विचारलाच पाहिजे.

न उतरणाऱ्या तापाचे डॉक्टरांनाही कोडे पडते. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा तापाची व्याख्या ठरवून दिली. तीन आठवड्यांहून जास्त दिवस ताप, तोही पुन्हा पुन्हा १०१ अंश फॅरनहाइटच्या वर, आणि दवाखान्यात आठवडाभर तपासूनही कारण न सापडलेला. पुढे १९९१ मध्ये या आठवड्याची अट कमी करून तीन दिवस दवाखान्यात किंवा बाहेरून तीन खेपा अशी केली गेली. आपल्या भागात असा ताप आला तर यादी मोठी असते. टीबी तर पहिला. शिवाय मलेरिया, टायफाईड, गोचिडीसारख्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस, भातखाचरात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो, गुरांच्या संसर्गातून येणारा ब्रुसेलोसिस, एचआयव्ही, सांध्यांचे आणि रक्ताचे काही आजार. या यादीच्या अगदी तळाशी किकुचीचे नाव असते. आणि तळाशी असल्यामुळेच ते विसरले जाते.

जपानमधली १९७२ ची गोष्ट

१९७२ साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन छापले. दोघांनीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गाठींत एक वेगळीच गोष्ट होती. गाठीचे काही तुकडे मरून गेलेले, पण तिथे टीबीच्या खुणा नाहीत, पू नाही, आणि नीट पाहिले तर कॅन्सरही नाही. म्हणून या आजाराला किकुची-फुजिमोतो आजार असे जोडनाव पडले. पुढे जगभर असे रुग्ण सापडले. त्यातही आशियातल्या लोकांत जास्त. भारतातल्या रुग्णालयांतूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

हा आजार बहुधा चाळिशीच्या आतल्या माणसांना होतो. सुरुवातीच्या नोंदींत बायकांचे प्रमाण फार मोठे होते. नंतर पुरुषांतही तो बऱ्यापैकी दिसतो असे लक्षात आले. लहान मुलांनाही होतो. गाठी बहुतेक वेळा मानेतच, आणि त्याही मानेच्या मागच्या भागात, अनेकदा एकाच बाजूला. आकाराने साधारण एक-दोन सेंटिमीटर, क्वचित मोठ्या. बऱ्याच जणांच्या गाठी दुखतात. निम्म्याच्या आसपास रुग्णांना ताप असतो. सोबत थकवा, सांधेदुखी, अंगावर पुरळ, रात्री घाम, थोडी वजनघट. आता तुम्हीच सांगा, यातले कुठले लक्षण टीबीत नसते?

का होतो, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही. एखाद्या विषाणूची लागण झाल्यावर शरीराच्या रक्षक पेशी जास्त चवताळतात आणि आपल्याच गाठीतल्या पेशी मारून टाकतात, असा अंदाज आहे. बऱ्याच विषाणूंवर संशय घेतला गेला, पण गुन्हा कुणावरही शाबीत झाला नाही. एक गोष्ट मात्र नक्की. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळे करायला नको, अंथरूण वेगळे करायला नको.

गोम कुठे आहे?

आता खरी गोम पाहा. किकुचीचा ताप आणि गाठी बहुतेकांच्या एक ते चार महिन्यांत आपोआप बऱ्या होतात. टीबीचा कोर्स असतो साधारण सहा महिन्यांचा. समजा, आपल्या मुलीला प्रत्यक्षात किकुची आहे, पण गाठ न तपासता केवळ अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. महिना-दोन महिन्यांत ताप गेला, गाठ विरली. घरचे म्हणणार, "बघा, टीबीच होता, औषध लागू पडलं." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पोरीने मात्र सहा महिने गोळ्या गिळल्या. त्या गोळ्यांचा काही जणांच्या यकृताला त्रास होतो, कावीळ होऊ शकते, मळमळते, डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. आणि वर "टीबी झालेली पोरगी" हा शिक्का. वास्तविक टीबी झाला तरी तो पूर्ण बरा होतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण सोयरिकीच्या बैठकीत हे कोण ऐकून घेतो?

दुसरी चूक याहून भयंकर. किकुचीच्या गाठीतल्या काही पेशी मोठ्या आणि वेड्यावाकड्या दिसतात. त्यामुळे गाठीचा कॅन्सर, म्हणजे लिम्फोमा, समजण्याची चूक होऊ शकते. हा आजार फारसा माहीत नव्हता त्या काळात अशा चुका झाल्या आहेत. ज्याला विश्रांती आणि तापाची गोळी पुरली असती, त्याच्या घरात केमोथेरपीची भाषा सुरू व्हावी, दावणीची गाय विकायची वेळ यावी, यापेक्षा मोठा घात कोणता?

आणि तिसरी चूक उलटी. हा लेख वाचून कुणी म्हणेल, "आमच्या पोरीला तोच जपानी आजार असंल, आपोआप बरा होईल." असे मुळीच करू नका! आपल्या देशात मानेतल्या रेंगाळलेल्या गाठीचे मोठे कारण टीबीच आहे. किकुची त्यापुढे फारच दुर्मिळ. टीबी अंगावर काढला तर तो पसरतो, गाठ फुटून वाहू लागते. लिम्फोमा वेळेत सापडला तर अनेकांचा बरा होतो, उशीर झाला तर हातचा जातो. म्हणून अंदाज कुठल्याच बाजूचा नको. पुरावा हवा. आणि तुमच्या गोळ्या आधीच सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद करू नका.

निवाडा होतो गाठ तपासूनच

रक्ताच्या तपासणीत किकुचीसाठी खास अशी एकही चाचणी नाही. पांढऱ्या पेशी कमी निघू शकतात, ईएसआर वाढलेला दिसतो, यकृताच्या तपासणीतले आकडे थोडे चढलेले असू शकतात. पण हे सगळे इतर दहा तापांतही होते. सोनोग्राफीने गाठी किती, कुठे, कशा आहेत ते समजते. नाव मात्र समजत नाही. विडालवर तर एकट्या भरवसा ठेवू नये. जुन्या लागणीमुळे किंवा दुसऱ्या तापातही ती खोटी साक्ष देते.

पुढची पायरी सुईची तपासणी. बारीक सुईने गाठीतले पाणी आणि पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात. ही तपासणी स्वस्त, सोपी, दहा मिनिटांची. टीबी पकडायला चांगली उपयोगी. पण किकुचीत ती बऱ्याचदा अपुरी पडते. सुईत फक्त मेलेल्या पेशी आल्या तर टीबी की किकुची, हे सांगता येत नाही. तेव्हा डॉक्टर म्हणतात, "गाठ काढून तपासावी लागेल." यालाच बायॉप्सी म्हणतात. इथे घरचे लोक बिचकतात. "कापाकापी केली की रोग पसरतो" हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ते खरे नाही. तपासणीसाठी पूर्ण गाठ काढल्याने रोग पसरत नाही. उलट सगळ्या शंका तिथेच मिटतात.

मात्र ही गाठ जाणत्या सर्जनकडूनच काढून घ्यावी. मानेच्या मागच्या भागात खांदा उचलणाऱ्या स्नायूची एक महत्त्वाची नस अगदी वरून जाते. तिला धक्का लागला तर हात वर करायला कायमचा त्रास होऊ शकतो. आणि गाठीला नुसता चिरा देऊन "पाणी काढणे" तर नकोच. ती टीबीची निघाली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते.

आता एक कामाची गोष्ट, जी बारीक वाटते पण फार मोलाची आहे. काढलेली गाठ सगळीच्या सगळी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकली तर त्यातले जंतू मरतात. मग टीबीचे जंतू वाढवून पाहण्याची कल्चर तपासणी त्यावर होत नाही. म्हणून गाठीचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि एक भाग साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, अशा दोन बाटल्या हव्यात. सलाईनमधल्या भागावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही यंत्रावरची तपासणी आणि कल्चर करता येते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, टीबीच्या तपासणीसाठी वेगळा नमुना ठेवणार ना?" एवढ्या एका प्रश्नाने दुसऱ्यांदा कापायची वेळ टळू शकते.

फॉर्मेलिनमधला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. टीबीच्या गाठीत त्यांना चक्क्यासारखा पांढरट मेलेला भाग, भोवती विशिष्ट पेशींची रांग आणि मोठाल्या राक्षसी पेशी दिसतात. साधी पिकलेली गाठ असेल तर पुवाच्या पेशी दिसतात. किकुचीत मेलेला भाग असतो, पेशींच्या केंद्रकांचा भुगा पसरलेला असतो, तो भुगा खाऊन साफ करणाऱ्या पेशींची गर्दी असते. पण पुवाच्या पेशी जवळजवळ नसतातच, आणि टीबीची ती रांगही नसते. लिम्फोमाची शंका उरली तर आयएचसी नावाची खास रंगांची तपासणी करतात. त्याने कोणती पेशी कोणत्या जातीची, ते ओळखता येते.

उपचार आणि पुढची राखण

नाव कळल्यावर उपचार त्या मानाने साधे. विश्रांती, भरपूर पाणी, ताप आणि दुखण्यावर पॅरासिटामॉलसारखी गोळी. आजार जोराचा असेल, ताप हटतच नसेल, तर डॉक्टर काही काळ स्टेरॉईड किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. बहुतेक माणसे पूर्ण बरी होतात. शंभरात तीन-चार जणांना तो पुन्हा उलटू शकतो. जीव जाण्याच्या घटना फारच विरळ.

पण स्टेरॉईडबद्दल सावध. निदान व्हायच्या आधीच "ताप लवकर उतरावा" म्हणून डेक्सासारखे इंजेक्शन घेतले की दोन दिवस बरे वाटते. मात्र लिम्फोमा असेल तर त्याच्या खुणा त्याने झाकल्या जातात, बायॉप्सीचा निकाल फसवा येऊ शकतो, आणि टीबी असेल तर तो बळावतो. सुई टोचून घेण्याआधी "यात स्टेरॉईड आहे का?" एवढे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी एक राखण पुढची काही वर्षे करायची. किकुची झालेल्या काही रुग्णांना पुढेमागे ल्युपस नावाचा आजार होतो. त्यात शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटते. सांधे, कातडी, मूत्रपिंड यांना झळ पोचते. म्हणून निदानाच्या वेळी एएनए ही रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि नंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवत राहावे. नाका-गालांवर लाल चट्टे, उन्हाने अंगावर पुरळ, केस जास्त गळणे, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज, सांधे धरणे, असे काही दिसले तर थांबू नये.

तुम्ही काय करायचे?

ताप आठवड्याच्या वर गेला की एक साधी वही करा. सकाळी, दुपारी, रात्री थर्मामीटर लावून आकडा लिहा. "अंग कढत लागतंय" यापेक्षा वहीतला आकडा डॉक्टरांना जास्त बोलतो. कुठली गोळी किती दिवस घेतली, कुठली सुई घेतली, तेही लिहा. सगळे कागद एका पिशवीत ठेवा. दर खेपेला नवा डॉक्टर आणि नवी सुरुवात, यात पैसा जातो आणि वेळही.

गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, दगडासारखी टणक किंवा न हलणारी असेल, गळ्याच्या हाडाच्या वर असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, धाप लागत असेल, तर महिना मोजत बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले आहेत. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात. बायॉप्सीची सोय जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावी.

अहवाल मिळाला की जपून ठेवा. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून प्रयोगशाळेत ठेवलेला असतो, काचपट्ट्याही असतात. निकालात शंका वाटली, विशेषतः कॅन्सर म्हटले गेले असेल, तर तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर स्वतःच तसे सुचवतात.

आता त्या आजीकडे परत येऊ. "पोरीचं जमवायचं हाय" ही तिची काळजी खोटी नाही. पण लपवून ठेवलेली गाठ लपत नाही, ती वाढते. आणि तपासून घेतलेल्या गाठीचे काहीही निघो, त्यावर इलाज आहे. टीबी निघाला तर सहा महिन्यांत बरा होण्याजोगा. लिम्फोमा निघाला तर लवकर सापडल्याचा फायदा. आणि नशिबाने किकुची निघाला, तर चार महिन्यांत पोरगी पुन्हा कॉलेजच्या एसटीत. तेव्हा आजीबाईंना एवढेच सांगा, सोयरीक पुढच्या सालीही जमेल, आधी गाठीचा निवाडा होऊ द्या.

आज रात्री घरात कुणाच्या वेणीला हात लावाल, कुणाला न्हाऊ घालाल, तेव्हा मानेवरून एकदा बोटे फिरवून पाहा. काही लागले तर लेप नको, डाग नको, चिरा नको. वहीत तारीख लिहा आणि दवाखान्याची वाट धरा.